बाळ गेलं, तरी ती बाळंतीण आहे : घरच्यांनी काय करायचं

पोटातच बाळाचे ठोके थांबतात, किंवा जन्मानंतर काही तासांत, काही दिवसांत बाळ जातं. अशा घरात बाळंतपणाची तयारी एका रात्रीत आवरली जाते. डिंक-खारकांचा डबा माळ्यावर जातो, मालिशवाल्या बाईंना 'येऊ नका' असा निरोप जातो, पाळणा शेजाऱ्यांकडे ठेवला जातो. आणि तीन दिवसांपूर्वी बाळंत झालेली बाई 'तिला जरा पडू दे' म्हणून आतल्या खोलीत एकटी पडून राहते. तिचं गर्भाशय आकसत असतं, टाके ओढत असतात, अंगावरून जात असतं, छातीत दूध भरायला लागलेलं असतं. बाळ गेल्याचं तिच्या शरीराला कळलेलं नसतं.

म्हणून आमचं पहिलं सांगणं असं, की तिचं बाळंतपण पूर्ण करा. पूर्ण सव्वा महिना, आधी ठरवलं होतं तसं. दुःखावर कुणाकडे औषध नाही, पण ताप, रक्तस्राव, छातीतल्या गाठी, उपाशी पोट आणि जागरण यांवर आहे. ते सगळं अंगावर काढत असताना मनाला सावरायला जागाच उरत नाही. हे लेखन नवरा, आई, सासू, बहीण, नणंद, जाऊ यांच्यासाठी आहे. पाचव्या महिन्यानंतर पोटात गेलेलं किंवा जन्मानंतर पहिल्या महिन्यात गेलेलं बाळ आमच्या डोळ्यांसमोर आहे.

दवाखान्यातले पहिले तास

सोनोग्राफीत ठोके नाहीत असं कळलं की घरचे पहिलं वाक्य बोलतात ते 'लगेच सिझर करून काढा'. डॉक्टर सहसा कळा आणून नैसर्गिक प्रसूती करायचा सल्ला देतात आणि तो बरोबर असतो. सिझेरियनची जखम, रक्तस्राव आणि पुढच्या गरोदरपणातला धोका बाळासाठी पत्करायचा असतो. इथे तो पत्करायचं कारण उरलेलं नसतं. रक्तस्राव, ताप, वाढलेला रक्तदाब किंवा पाणी गेलेलं असणं यांपैकी काही नसेल तर काही तास, अगदी एक-दोन दिवस थांबूनही चालतं. घरी जाऊन येता येतं, तिच्या आईला गावाहून बोलावता येतं. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वेदना कमी करण्याच्या औषधांबद्दलही आवर्जून विचारा. बाळावर परिणाम होईल म्हणून एरवी जपून दिली जाणारी औषधं इथे मोकळेपणाने देता येतात, सोय असेल तिथे एपिड्युरलही (कळा सोसाव्या लागू नयेत म्हणून पाठीतून देतात ती भूल). कळा सोसायलाच हव्यात असं काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे बहुतेक वेळा आई गुंगीत किंवा टाके घालण्याच्या टेबलावर असतानाच घरातले पुरुष बाळाला घेऊन जातात आणि दोन तासांत सगळं उरकून परत येतात. 'तिने पाहिलं तर तिला त्रास होईल' हा हेतू प्रेमाचाच असतो. पण बाळ कसं दिसत होतं, केस होते का, कुणावर गेलं होतं, हे प्रश्न तिच्याजवळ आयुष्यभर राहतात आणि त्यांची उत्तरं नंतर मिळवता येत नाहीत. निर्णय तिचा असू द्या. तिला विचारा, 'बाळाला बघायचंय का? जवळ घ्यायचंय का?' नाही म्हणाली तर एक-दोन तासांनी पुन्हा एकदा विचारा, कारण पहिलं 'नाही' पुष्कळदा भीतीचं असतं. दुसऱ्यांदाही नाही म्हणाली तर तिथेच थांबा. जबरदस्तीने मांडीवर ठेवणंही तितकंच वाईट.

दाखवण्याआधी तयारी करा. सिस्टरना बाळाला पुसून दुपट्यात गुंडाळायला सांगा. तुम्ही आणलेलं झबलं-टोपडं असेल तर ते घालायला सांगा. मग तिला आधी शब्दांत सांगा की अंग थंड असेल, सैल लागेल, ओठ काळपट लाल दिसतील, पोटात काही दिवस झाले असतील तर कातडी काही ठिकाणी सुटलेली असेल. आधी ऐकलेलं असलं की पाहताना धक्का कमी बसतो. कातडी नाजूक असते म्हणून बाळाला कापडासकट उचला, मानेखाली हात ठेवा. खोली थंड ठेवली तर काही तास मिळतात. घाई करू नका, घड्याळ दाखवू नका.

आठवण म्हणून काय ठेवायचं ते एका कुणीतरी अंगावर घ्या. तळपायाचा ठसा घ्यायला साधं स्टॅम्प पॅड आणि जाड पांढरा कागद पुरतो. पाऊल कोरडं पुसून घ्या, शाई पातळ लावा आणि टाचेकडून बोटांकडे एकदाच टेकवा. घासलं तर ठसा फाकतो, म्हणून दोन-तीन कागद हाताशी असू द्या. हातातला दवाखान्याचा पट्टा, थोडं जावळ, गुंडाळलेलं दुपटं न धुता पिशवीत ठेवा. चार-पाच फोटो काढा : चेहरा, हात, पाय, आईवडिलांच्या हातात. आज नको म्हणाली तरी फोटो काढून नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या फोनमध्ये वेगळे ठेवा आणि ते आहेत एवढं तिला सांगून ठेवा. एका वर्षाने मागणाऱ्या आया असतात. घरातल्या ग्रुपवर मात्र ते टाकू नका.

त्याच दिवशी ठरवायच्या तपासण्या

बाळ का गेलं, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षं विचारला जाणार आहे. त्याचं उत्तर मिळण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. वार (प्लेसेंटा) तपासणीला पाठवायला सांगा. ती फॉर्मेलीनच्या बरणीत पॅथॉलॉजीकडे जाते. गुणसूत्रांची तपासणी करायची असेल तर वारेचा किंवा नाळेचा तुकडा सलाईनमध्ये वेगळा काढावा लागतो, कारण फॉर्मेलीनमध्ये घातल्यावर पेशी वाढवून करायची तपासणी होत नाही. ही चूक सर्रास होते, म्हणून डॉक्टरांना आधी आठवण करा. बाळाचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर लिहून घ्या. पूर्ण शवविच्छेदनाला मन तयार नसेल तर बाळाचा एक्स-रे आणि बाहेरून केलेली बारकाईची तपासणी तरी करून घ्यावी. आईच्या रक्तात साखर, थायरॉइड, संसर्ग आणि रक्त गोठण्याशी संबंधित अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी तपासतात. ही शेवटची तपासणी पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. एकाच रिपोर्टवर निदान पक्कं होत नाही. एवढं करूनही पुष्कळ वेळा कारण सापडत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळालं पाहिजे. बाळ जिवंत असतं तेव्हा हे कुणी विसरत नाही. बाळ गेल्यावर लवकर घरी नेण्याच्या गडबडीत ते राहून जातं आणि त्याचे परिणाम पुढच्या बाळावर होतात. बाळाचा गट कळला नसेल तरी ते द्यायचं असतं. डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद आहे ना, ते बघूनच बाहेर पडा. उशीर झाला असेल तरी डॉक्टरांना विचारा.

आणि खाट. बाळांच्या रडण्याच्या वॉर्डात तिला ठेवू नका. वेगळी खोली परवडत नसेल तर स्त्रीरोगाच्या सर्वसाधारण वॉर्डात हलवायची विनंती करा. केसपेपरवर मोठ्या अक्षरांत नोंद करून घ्या, म्हणजे ड्युटी बदलल्यावर येणारी सिस्टर 'बाळाला पाजलं का?' असं विचारणार नाही.

दूध

याबद्दल तिला कुणी आधी सांगत नाही आणि घरी आल्यावर सगळ्यात जास्त कोसळवणारी गोष्ट हीच असते. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दूध उतरतं. चौथा महिना उलटल्यानंतर गर्भ गेला असेल तरी ते येऊ शकतं. छाती दगडासारखी होते, काखेपर्यंत ठणकतं, शेजारच्या घरातलं बाळ रडलं तरी पान्हा फुटतो. तिला हे दवाखान्यातच सांगा.

दूध थांबवायचे दोन रस्ते आहेत. पहिला औषधाचा. कॅबरगोलिन १ मिलिग्रॅम, प्रसूतीनंतर पहिल्या दिवशी एकदाच. दूध आधीच उतरलं असेल तर पाव मिलिग्रॅम दर १२ तासांनी, दोन दिवस. रक्तदाब वाढलेला असेल, गरोदरपणात वाढलेला होता किंवा पूर्वी मनाचा गंभीर आजार झाला असेल तर हे औषध चालत नाही, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानातून आणू नका.

दुसरा रस्ता औषधाशिवायचा. याला एक ते दोन आठवडे लागतात. नीट बसणारी, आधार देणारी, तार नसलेली ब्रा दिवसरात्र घाला. पूर्वी साडीच्या पट्ट्याने छाती आवळून बांधायचे, ते करू नका. आवळल्याने दुधाच्या नळ्या दबतात, गाठी होतात आणि त्यात पू होण्यापर्यंत जाऊ शकतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा फ्रिजमधली गार कोबीची पानं १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा ठेवा. काही घरांत मोगऱ्याची फुलं ठेवतात, त्यानेही अपाय नाही, फक्त घट्ट बांधू नका. गरम पाण्याची धार छातीवर घेऊ नका, शेकू नका, चोळू नका, त्याने दूध वाढतं. अगदीच सहन होईना तर हाताने थोडंसं, ताण उतरेल एवढंच काढा. पूर्ण रिकामं केलं तर शरीराला मागणी आहे असं वाटतं आणि तेवढंच दूध पुन्हा तयार होतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. पाणी कमी प्यायल्याने दूध आटत नाही, उलट ती बाळंतीण अशक्त होते.

एखादा भाग लाल, गरम आणि कडक झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

काही आयांना दूध आटवायचं नसतं. त्यांना ते दुसऱ्या बाळांना द्यावंसं वाटतं, विशेषतः स्वतःचं बाळ अतिदक्षता विभागात काही दिवस राहून गेलं असेल तेव्हा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली मातृदुग्ध पेढी आशियातली पहिली मानली जाते. आता इतर शहरांतही अशा पेढ्या आहेत. आधी आईची रक्ततपासणी होते आणि चालू औषधं विचारतात. तिने स्वतःहून म्हटलं तर सोबत जा. तुम्ही सुचवून तिच्यावर पुण्याचं ओझं टाकू नका.

सव्वा महिना

डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, तूप, भाकरी, वरण-भात, अंडी, पालेभाज्या हे सगळं द्या. दूध वाढवायला म्हणून दिलं जाणारं अळीव, मेथी, बाळंतशेपा आणि शतावरी तेवढी गाळा. ती जेवणार नाही, ताट परत येईल. त्यावर रागावण्याऐवजी दर तीन तासांनी वाटीभर काहीतरी समोर ठेवा : पेज, मऊ खिचडी, दूध, अर्धा लाडू. 'काय खाशील?' असं विचारलं तर उत्तर 'काही नको' असंच येतं.

लोहाच्या गोळ्या बाळ नाही म्हणून बंद होत नाहीत. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी असते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडची. कॅल्शियमही तितकेच दिवस, ५०० मिलिग्रॅम दोन वेळा. दोन्ही एकत्र देऊ नका आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको, कारण लोह अंगी लागत नाही. रक्तक्षयाचा थकवा आणि दुःखाचा थकवा बाहेरून सारखाच दिसतो, म्हणून हिमोग्लोबिन सहा आठवड्यांनी तपासा.

मालिश पुन्हा सुरू करा. पाठ, पाय, डोकं. सिझेरियन असेल तर पोटाला हात लावायचा नाही, आणि छातीला तर कुणाचीच मालिश नको. मालिशवाल्या बाईंना घरात येण्याआधीच काय घडलंय ते सांगा आणि त्यांनी काय बोलू नये तेही सांगा. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी नको, त्या धुराने माणूस गुदमरून जातो.

अंगावरून चार ते सहा आठवडे जातं आणि हळूहळू फिकट होतं. लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड भिजणं, लिंबाएवढ्या गाठी, घाण वास, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. वाढलेल्या रक्तदाबाचे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. ही बाई रडत पडून आहे म्हणून तिच्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष होतं, त्यात जीव जातात.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी येऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून उभी राहिली आणि मग देशभर गेली. बाळ नसेल तर त्या संकोचून यायच्या थांबतात. तुम्ही बोलवा. आईचा ताप, टाके, रक्तदाब बघायला त्या हव्या आहेत. शिवाय त्यांच्याकडून किंवा परिचारिकेकडून सरकारी नोंदीत बाळ गेल्याचं भरून घ्या, नाहीतर दीड महिन्याने लसीकरणाचे संदेश तिच्या फोनवर यायला लागतात. गरोदरपणाचं अ‍ॅप तिच्या परवानगीने काढून टाका.

पाळणा आणि कपडे ती घरी येण्याआधी परस्पर हलवू नका. बऱ्याच आयांना रिकामी झालेली खोली पाहून दुसऱ्यांदा लुटल्यासारखं होतं. 'आवरू का, की तू आल्यावर बघू?' एवढं फोनवर विचारा.

माती देणं आणि कागदपत्रं

हिंदू घरांत तान्ह्या बाळाला सहसा दहन न करता माती देतात. नगरपालिकांच्या बहुतेक स्मशानभूमीत त्यासाठी वेगळी जागा असते आणि दवाखान्याचा दाखला मागतात. खड्डा पुरेसा खोल हवा आणि जागेची खूण लक्षात ठेवा, फोटो काढा, कारण पुढे आईला तिथे जावंसं वाटेल. सुतक किती धरायचं हे घरागणिक वेगळं असतं. आपल्या गुरुजींना विचारा, पण तिला जेवणा-खाण्यात आणि औषधात कुठलाही नियम लावू नका. आईने स्मशानात जाऊ नये असा कुठलाही कायदा नाही. तिला जायचं असेल आणि अंगात बळ असेल तर गाडीतून न्या, खुर्ची न्या. गोव्यातल्या आणि वसईकडच्या कॅथलिक घरांना सांगायचं ते असं, की बाप्तिस्मा होण्याआधी बाळ गेलं तरी आईवडिलांचा तसा मनोदय असेल तर चर्चच्या नियमानुसार बिशपांच्या परवानगीने अंत्यविधी करता येतो. पाद्रींशी बोला.

बाळ क्षणभर जरी जिवंत जन्मलं असेल तर जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी होतात. २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलं असेल तर मृतजन्माची वेगळी नोंद होते. मुदत २१ दिवसांची. दवाखान्यात प्रसूती झाली तर ती कळवायची जबाबदारी दवाखान्याची, तरी आईवडिलांच्या नावांची अक्षरं त्याच दिवशी तपासा.

रजेबद्दल खूप गैरसमज आहेत. प्रसूती लाभाच्या कायद्यात 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलेलं आहे. त्यामुळे २६ आठवडे उलटल्यावर झालेल्या मृतजन्मानंतर आईला पूर्ण प्रसूती रजा मिळते. दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर २६ आठवडे, एरवी १२. अट इतकीच, की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं. २६ व्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर ६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. नोंदणीचा आकडा २८ आणि रजेचा २६, यात ऑफिसमधले लोक हमखास गोंधळतात, म्हणून अर्जाला डिस्चार्ज कार्ड जोडताना आठवड्यांचा आकडा अधोरेखित करा. केंद्र सरकारी कर्मचारी स्त्रियांसाठी २ सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा आहे, मृतजन्मानंतर किंवा २८ दिवसांच्या आत बाळ गेल्यावर. त्यालाही दोनपेक्षा कमी हयात मुलांची अट आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मृतजन्म किंवा गर्भपात झाला असेल तर पुढच्या गरोदरपणात तिला नव्याने लाभार्थी धरलं जातं.

येणारे-जाणारे

एका माणसाने सगळ्यांना कळवायचं. संदेश असा असावा : 'आमचं बाळ काल गेलं. … बरी आहे, विश्रांती घेतेय. सध्या फोन करू नका, भेटायला यायचं ते आम्ही कळवू. अभिनंदनाचे निरोप कुणी पाठवले असतील तर त्यांनाही कळवा.' सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, कामाच्या मावशी यांनाही सांगा, नाहीतर पहिल्यांदा खाली उतरल्यावर 'काय झालं, मुलगा की मुलगी?' हा प्रश्न तिलाच येतो.

भेटायला येणाऱ्यांनी 'देवाची इच्छा', 'तरुण आहेस, पुन्हा होईल', 'बरं झालं, लळा लागायच्या आत गेलं' ही वाक्यं बोलू नयेत. लळा नऊ महिने लागलेलाच असतो. 'फार वाईट झालं गं' म्हणा आणि गप्प बसा. बाळाचं नाव ठरलं होतं का ते विचारा. ठरलं असेल तर ते नाव उच्चारा, कारण दुसरं कुणी ते उच्चारत नाही. पंधरा मिनिटं बसा आणि जाताना भाजी निवडून द्या किंवा कपड्यांच्या घड्या घालून जा.

घरातल्या मोठ्या बाईने एक काम करायला हवं, आणि ते सासूबाईंनी केलं तर त्याचं वजन सगळ्यात जास्त. ग्रहणात विळी हातात धरली, पपई खाल्ली, ऑफिसला जात राहिली, पायगुण वाईट, असलं काहीही कुणी बोललं तर तिथल्या तिथे, तिच्यासमोर थांबवायचं : 'आमच्या सुनेची यात काही चूक नाही. हा विषय इथे नको.' बाळ जातं ते वारेचं काम बिघडल्याने, रक्तदाबाने, साखरेने, संसर्गाने, बाळाच्या अवयवांतल्या दोषाने, प्रसूतीत जीव गुदमरल्याने. विळीने जात नाही. ती स्वतः रात्री मनात हीच यादी घोकत असते, त्यात बाहेरून भर पडू देऊ नका.

पुढे नात्यात डोहाळजेवण, बारसं येईल. तिला वगळू नका आणि आग्रहही करू नका. 'तुला आमंत्रण आहेच. यावंसं वाटलं तर ये, नाही आलीस तरी कुणी काही मनात आणणार नाही,' असं यजमानीणबाईंनी स्वतः सांगावं. आली तर इतरांसारखीच तिची ओटी भरा. तिला मागे उभं करणं हे फार क्रूर आहे आणि ते अजूनही होतं.

नवऱ्याने बाळाला स्वतःच्या हातांनी माती दिलेली असते आणि आठव्या दिवशी तो कामावर असतो. त्यालाही कुणीतरी विचारायला हवं. दोघांचं दुःख एकाच चालीने चालत नाही. तो रडत नाही याचा अर्थ त्याला काही वाटत नाही असा तिने काढू नये, म्हणून त्याने एकदा तरी तिच्याजवळ बोलावं.

घरात मोठं भावंड असेल तर 'बाळ झोपलंय', 'देवाने नेलं', 'दवाखान्यात राहिलं' असं सांगू नका. झोपायची भीती बसते, किंवा ते देवावर चिडतं, किंवा रोज 'कधी आणायचं' विचारतं. 'बाळ खूप आजारी होतं, ते मेलं, आता ते परत येणार नाही' असं सरळ सांगा. पाच वर्षांखालची मुलं तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेच उत्तर द्या. 'मला बाळ नको' असं कधी म्हटलं असेल तर आपल्यामुळेच झालं असं मूल धरून चालतं. 'तुझ्यामुळे झालं नाही' हे त्याने न विचारताही सांगा.

कधी डॉक्टर लागतो

पोटात बाळ हलल्यासारखं वाटणं, रात्री रडणं ऐकू आल्यासारखं होणं, रिकामे हात दुखणं, दुसऱ्याचं बाळ पाहून राग येणं, हे पहिल्या काही आठवड्यांत होतं. वेड लागलेलं नाही हे तिला सांगा. दुःख लाटेसारखं येतं. मध्ये दोन तास बरे जातात, ती हसते, मग अपराधी वाटतं. महिने जातात तसं लाटांमधलं अंतर वाढतं. प्रसूतीची ठरलेली तारीख, बाळाचा महिना, पहिली दिवाळी, वर्षश्राद्धाचा दिवस यांना ही लाट पुन्हा जवळ येते. त्या तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि त्या दिवशी तिला एकटी ठेवू नका.

पण दोन आठवडे उलटल्यावरही मध्ये एकही बरा तास येत नसेल, खाणं-झोप-अंघोळ सुटली असेल, बाळ गेलं तो प्रसंग जागेपणी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे घडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली वापरतात, तिला पाच मिनिटं लागतात. झोपच न लागणं, असंबद्ध बोलणं, नसलेले आवाज खरेच मानणं, बाळ कुणीतरी लपवलंय यावर ठाम असणं, हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतं. ही तातडीची गोष्ट आहे, त्याच दिवशी न्या, देवऋष्याकडे नाही.

'मला बाळाकडे जायचंय' असं ती म्हणाली तर विषय बदलू नका. 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. हो म्हणाली तर एकटी सोडू नका, घरातल्या गोळ्या, कीटकनाशक, फिनेल कुलपात ठेवा आणि १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पहिले पंधरा दिवस तसंही तिच्या खोलीत रात्री कुणीतरी झोपावं. पहाटे दोन ते चार हा वेळ सगळ्यात कठीण जातो.

पुढचं बाळ

हा विषय तिने काढेपर्यंत कुणी काढू नये. मात्र एक गोष्ट जोडप्याला डिस्चार्जच्या वेळीच माहीत हवी. अंगावर पाजत नसल्याने पाळी यायच्या आधीच, चार आठवड्यांतसुद्धा गर्भ राहू शकतो. निरोध वापरा किंवा तांबीबद्दल विचारा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या पहिल्या आठवड्यांत नकोत, रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. सिझेरियन झालं असेल तर दोन प्रसूतींमध्ये निदान दीड वर्षाचं अंतर सांगतात. एरवी तपासण्यांचे निकाल हातात येणं, हिमोग्लोबिन भरून निघणं आणि दोघांच्याही मनाची तयारी, इतकं झालं की डॉक्टरांशी बोला.

ठरलं की गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून फोलिक अ‍ॅसिड सुरू करा, ४०० मायक्रोग्रॅम रोज. आधीच्या बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत दोष असेल तर मात्रा दहापट असते आणि ती डॉक्टर लिहून देतात. जुनं डिस्चार्ज कार्ड, वारेचा रिपोर्ट आणि रक्ताच्या तपासण्या एका फाइलमध्ये पहिल्याच भेटीला न्या आणि नव्या केसपेपरच्या वरच आधीच्या बाळाबद्दल लिहून घ्या, म्हणजे दर वेळी तिला नव्याने सांगावं लागत नाही. आधीचं बाळ ज्या आठवड्यात गेलं त्या आठवड्याच्या आसपास जास्तीची तपासणी मागून घ्या. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर साखरपाणी पिऊन वाट बघत बसायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी जायचं, आणि सगळं ठीक निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका आली तरी पुन्हा जायचं.